लालबागची खोली आणि तुमचा हिशेब

आबा, आज लेकीबरोबर लालबागला एक भाड्याची खोली बघून आले. तिला परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली आहे. खोली तशी बरी, ओटा स्वच्छ, खिडकीसमोर नव्या टॉवरची भिंत. दलाल भाडं आणि डिपॉझिट सांगतो आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं, "मुंबय आपल्याक परवडूची नाय." दलाल हसला. लेक हसली नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या ओटीवर. मला फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी मिळाली होती. मुंबईत फणसवाडीला राहणारी आत्या ठेवून घ्यायला तयार होती. तुम्ही झोपाळ्यावर बसून बोटांवर मोजताय, "हय नारळ आपलो, तांदूळ आपले. थंय कढीपत्तो पण इकत. आत्याक जेवणाचे पैशे देवचे लागतले. गाडीचो पास, चपला, औषधपाणी. मगे उरला काय?" आई चुलीत लाकूड सारत होती. गावभरच्या पोरांना गणित शिकवणारा माणूस चुकेल कसा, असं मलाही वाटलं. त्याच वर्षी दोन गावं पलीकडे माझं लग्न लावून दिलंत. तिथे मला जन्मात कधी नारळ विकत घ्यावा लागला नाही, एवढं मात्र खरं.

पुढे धाकटा भाऊ मुंबईला निघाला. त्याला तर नोकरीही लागलेली नव्हती. तीच आत्या, तीच फणसवाडी. तुम्ही तांदळाचं पोतं आणि नारळ एसटीच्या टपावर चढवताय आणि मी, माहेरपणाला आलेली, सुतळी धरून उभी आहे. मी विचारलं, "आबा, आता कशी परवडता मुंबय?"

"तो झील आसा. खंयय पथारी घालतलो."

तो मुलगा, म्हणून कुठेही झोपेल. मी सुतळीची गाठ आवळली. राग आला होता, अजून आहे. तुम्ही गरीब होतात म्हणून नव्हे, ती गरिबी फक्त माझ्या वेळेला बाहेर काढलीत म्हणून. माझ्या वेळेलाही ते पोतं घरातच होतं की.

धाकट्याचं आता माटुंग्याला स्वतःचं घर आहे. आम्ही दोघी सध्या त्याच्याकडेच उतरलोय. काल पापलेटचा काटा काढता काढता तो मला म्हणाला, "ताई, पोरीचं ठीक आहे, पण तू इथे राहायच्या भानगडीत पडू नकोस हां. मुंबई आता आपल्यासारख्यांना परवडत नाही." वहिनीने त्याला आणखी एक तुकडी वाढली. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, गावच्या घरात मी एकटीच असते, हे त्याला ठाऊक आहे. पण ते घर झाडायला कुणीतरी हवंच ना.

आज खोली बघून उतरताना जिन्यात लेक म्हणाली, "आई, तू नुसतं गावचं भाडं नि इथलं भाडं लावून बघतेस. पगार पण लावून बघ ना." मी कठडा धरून थांबले. आबा, त्या दिवशी तुम्ही कढीपत्त्यापर्यंत सगळं धरलंत, त्यात माझा पगार कुठे होता? इतकी वर्षं मी समजत होते, हिशेब खरा होता, तुमचं मन तेवढं कोतं. हिशेबच खोटा होता. आणि मी तो मुकाट्याने मान्य केला, कारण तुमचं गणित तपासायची आपल्या घरात रीतच नव्हती.

खोली घेतली. दलालाने विचारलं, "राहणार कोण कोण?" लेक म्हणाली, "मी एकटीच. आई गावी परत जाणार." मी मान हलवली. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि धाकट्याला मी दाखवायची नाही, म्हणून लिहून टाकते. ती आत नळ सोडून पाणी बघत होती, तेव्हा मी खिडकीखालची भिंत वितीने मोजली. माझी खाट तिथे बसते. लेकीला अजून सांगितलेलं नाही.