भिंतीवरचा लेसर

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी दादाचं पत्र बघून तू ते न वाचताच खिशात घालायला निघाला असशील. आधी वाच. माझ्या लेकीला तू तुझ्या साइटवर मशीन चालवायला घेतलंस, त्याबद्दल आभार मानायला मी बसलेलो नाही. काका जवळ आहे म्हणून तिची आई निर्धास्त आहे. मी नाही.

रस्ता न खोदता पाइप घालायचं काम आपण दोघं एकत्रच शिकलो. खड्ड्यातले जॅक पाइप ढकलणार, पुढे मशीन माती कोरत जाणार, आणि वर केबिनमध्ये बसून मी पडद्यावरचा लाल ठिपका मधोमध ठेवणार. तो ठिपका पाडणारा लेसर बसवायचं काम तुझं. मी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. आपल्या आईनेसुद्धा तुझ्यावर एवढा ठेवला नव्हता, आणि तिला माणसं कळायची.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या कामात ठिपका शेवटपर्यंत मधोमध होता, आणि मशीन मात्र दीड हात भरकटून छापखान्याच्या पायाखाली घुसलं. जमीन खचली, छापखान्याच्या भिंतीला ही एवढी भेग. मी खड्ड्यात उतरलो, तेव्हा तू घाईघाईने लेसर सोडवत होतास. खड्ड्यातल्या ज्या मागच्या भिंतीला टेकून जॅक रेटा देतात, तिलाच तू तो ठोकला होतास! दर रेट्याला भिंत केसभर हलायची, लेसर हलायचा, आणि मी इमानेइतबारे मशीन चुकीकडे वळवत राहायचो. लेसरसाठी वेगळा खांब रोवायला अर्धा दिवस लागतो, तेवढा तुला वाचवायचा होता. चौकशीत तू बुटांकडे बघत राहिलास. चोराच्या उलट्या बोंबा तरी परवडल्या असत्या. धाकटा आहे, नुकतं लग्न झालंय, असं म्हणत मीही खरं ते गिळलं आणि दोष अंगावर घेतला. माझी केबिन गेली. आता गोदामात पाइपांच्या रबरी कड्या तपासतो. तू एकदाही फिरकला नाहीस, ते मला केबिन जाण्यापेक्षा जास्त लागलं.

परवा लेक फोनवर सहज बोलून गेली, की तुमच्याकडे लेसर मागच्या भिंतीलाच लावतात, काका म्हणतात काही होत नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मग जे तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं मी तिला सांगितलं. हे पत्र तीच तुझ्या हातात देईल, आणि तेव्हा मशीन तिने बंद केलेलं असेल. पाइप फार वेळ थांबले की माती त्यांना आवळते, हे तुला माहीत आहे, तुझ्या साहेबांनाही. ते येऊन तिच्यावर ओरडतील. मी म्हटलं, सरळ काकाचं नाव घे. ती ऐकत नाही. आधी काकाला बोलायची संधी देणार म्हणते, तोवर साहेबांचं सगळं ऐकून घेणार. मी दिली नसती.

तुझाच, नाइलाजाने,
दादा