व्हय की

कोल्हापूर,
सोमवार

प्रिय शांतवनराव यांस,
सप्रेम सलाम.

काल हन्नाचा बाप्तिस्मा नीट पार पडला. डोक्यावर पाणी पडले तरी तुमची नात रडली नाही, पाळकसाहेबांच्या चष्म्याची काडी घट्ट धरून बसली.

गुडघ्याला शेक घेता ना? घेत नसाल तर मला कळेलच.

"परक्या गावात लेकराचा बाप्तिस्मा कशाला, तिथे आपले कोण आहे?" असे तुम्ही म्हणाला होता. मी तुम्हाला गप्प केले, पण तीच धास्ती मलाही होती. प्रसन्न आणि सूनबाई इथे नवीन. उपासना संपली की दोघे कोणाशी न बोलता घर गाठतात.

आपल्याकडच्यासारखेच पाळकांनी मंडळीला विचारले, "या लेकराला विश्वासात वाढवायला मदत कराल का? कराल तर उभे राहा आणि होय म्हणा." मला मागे वळून पाहवेना. मग बाके करकरली. सगळे चर्च उभे राहिले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई तर सगळ्यांच्या आधी "व्हय की" म्हणून मोकळ्या झाल्या.

मी पाहुणी म्हणून बसूनच होते. त्यांनी मला कोपराने ढोसले.

"उठा की बाई. पोरगी काय नुसती आमचीच हाय?"

उठले.

सूनबाईंना त्यांनी बुधवारी जेवायला बोलावले आहे. मलाही यावेच लागेल म्हणाल्या.

डबा वेळेवर येतो ना? भाजीत तिखट फार असेल तर परत पाठवा, भिडेखातर खात बसू नका.

तुमची,
इंदुमती