कुंकू लावलेलं लॉक

आण्णा, परवा मोबाईल दुरुस्तीला नेला होता. दुकानातल्या बाईनं मागचं झाकण काढलं, भिंगातून आत बघितलं आणि विचारलं, "पाणी गेलंय का?" मी पटकन "नाही" म्हणाले. खरंच गेलं नव्हतं. तरी बाहेर पडल्यावर पायरीवरच दोन मिनिटं बसून राहिले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण याच प्रश्नाचं खरं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. आपल्या कम्प्युटरचं ते लॉक मीच ओलं केलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले, आणि माझ्या त्या एका शब्दावर तुम्ही सांगलीच्या सभेत उभे राहिलात.

रहिमतपुरात आपल्या छापखान्यात कम्प्युटर आला तो तुमच्या या लेकीच्या हट्टानं. नव्वदनंतरची ती वर्षं. सातारा-सांगलीकडचे प्रेसवाले अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे मोडीत काढून कम्प्युटर घ्यायला लागले होते. तुम्ही खिळे मोडीत काढले नाहीत. एका भिंतीला तुमच्या खिळ्यांच्या केसा, म्हणजे ते खणाखणांचे लाकडी ट्रे, समोरच्या भिंतीला माझं टेबल, आणि मधे उभं राहून तुम्ही दोन्हीकडं संशयानं बघायचात. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याबरोबर काडेपेटीएवढं एक लॉक मिळालं. ते कम्प्युटरच्या पाठीत खोचल्याशिवाय पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही. "पैसं मोजून इकत घेतलं, तरी कुलूप त्येंचंच? गिऱ्हाइकाला चोर समजत्यात व्हय गं?" असं तुम्ही म्हणायचात. पण कुणी फुकटात चोरीची कॉपी घालून देतो म्हणाला, की त्यालाही तुम्ही हाकलून द्यायचात. "चोरून आणल्याली अक्षरं लगीनपत्रिकेत छापू? देवाचं नाव असतंय रं वर!"

मग श्रावणात कंपनीचं परिपत्रक आलं. लॉक बिघडलं किंवा हरवलं तर यापुढं बदलून मिळणार नाही, अख्खं सॉफ्टवेअर नव्यानं घ्यावं लागेल. आणि नव्या सॉफ्टवेअरमधे जुन्या फाइली उघडणार नाहीत. काय आग पाखडली लोकांनी! लोणंदचा एक प्रेसवाला खास आपल्याकडं येऊन तावातावानं बोलून गेला. त्याचं लॉक तर काही न करता, जागच्या जागी बंद पडलं होतं, आणि कवठे महांकाळच्या दोघांचंही तसंच. कुणी म्हणायचं बहिष्कार घाला, कुणी म्हणायचं कंपनीनं तरी काय करावं, निम्म्या जिल्ह्यात चोरीच्या कॉप्या चालतात. तुम्ही म्हणालात, "म्हंजे चोर सोडून संन्याशाला सुळी." हे वाक्य पुढं सगळ्यांच्या तोंडी झालं. कंपनीचा माणूस सांगलीला प्रेसवाल्यांच्या सभेला येणार होता; तिथं तुम्हीच बोलायचं, हेही तेव्हाच ठरलं.

आता खंडेनवमीचं सांगते. दरवर्षी तुम्ही छपाईचं ते पायानं चालवायचं ट्रेडल मशीन पुसून त्याला झेंडूचा हार घालायचात, आणि तुमची ती हातात धरून खिळे जुळवायची लोखंडी स्टिक तबकात ठेवून दूधपाण्यानं धुऊन, हळदकुंकू लावून पूजायचात. लहानपणापासून बघत आले. त्या वर्षी तुम्ही मला बजावलंत, "त्येला लांबनंच अक्षता टाक गं, पान्याचं काम न्हाई त्ये." तुम्ही आरतीचं ताट आणायला घरात गेलात. मी कम्प्युटरकडं बघतेय. त्याला हार नाही, काही नाही. नुसतं आपलं कोपऱ्यात बसलेलं. मला वाईट वाटलं, खरं सांगते, रागही आला. तुमचं हत्यार तेवढं हत्यार, आणि माझं? मी लॉक उपसलं, तुमच्या स्टिकशेजारी तबकात ठेवलं, पळीनं दूधपाणी घातलं, कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला. मग पदरानं खसाखसा पुसून परत खोचून ठेवलं. विशीतली पोर मी, कम्प्युटरचा कोर्स केलेली! असला गाढवपणा आपल्यासारख्यांच्या घरातच व्हायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कम्प्युटर लावला, तर लॉक सापडत नाही असं पडद्यावर यायला लागलं. दहादा काढलं, दहादा लावलं. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. "पानी लागलं हुतं काय गं?" एवढंच विचारलंत, आवाज न चढवता. मी म्हणाले, "नाही आण्णा, आपोआपच गेलंय. लोणंदवाल्यांचं गेलं तसंच." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "मग न्हाईच." ओरडला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर मी सांगून टाकलं असतं. तुम्ही विश्वास ठेवलात, तिथंच मी अडकले.

सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात चाळीसेक प्रेसवाले. पंखे फिरताहेत तरी सगळे घामाघूम. मी तुमच्या शेजारी बसलेय, आणि लॉक तुमच्या सदऱ्याच्या खिशात आहे. गाडीत मला तीनदा वाटलं, आता सांगावं. किर्लोस्करवाडी गेल्यावर सांगू, नांद्रे आल्यावर सांगू, असं करत सांगली आली. कंपनीचा माणूस शांत होता, वयानं माझ्यापेक्षा फार मोठा नसेल. तो म्हणाला, लॉक आपोआप बिघडत नाही, हयगय होते म्हणून बिघडतं. त्यावर तुम्ही उठलात. "चाळीस वर्सं छपाई करतुया. माझ्या छापखान्यात हयगय हुत न्हाई. ह्ये घ्या माझं लॉक, फोडा हितं सगळ्यांम्होरं. आत काय निगालं तर मी शब्द मागं घीन, न्हाई निगालं तर तुमी परिपत्रक मागं घ्यायचं." टाळ्या काय पडल्या आण्णा! लोणंदवाला तर उभा राहून वाजवत होता. मी पण वाजवल्या. हात हलत होते, एवढंच आठवतं.

त्यानं स्क्रू काढले. दोन झाकणं वेगळी केली. आत तांब्याच्या रेघांवर हिरवट गंज, आणि कडेला वाळलेलं कुंकू. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. नुसतं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे कुंकू आहे." मग मागून कुणीतरी खिदळलं. "आवं, लॉकची ओटी भरली जणू!" आणि हसण्याचा असा लोंढा आला की विचारू नका. लोणंदवाला मात्र हसला नाही. त्याचं लॉक खरंच आपोआप गेलं होतं ना. आता त्याचं कोण ऐकणार? कंपनीच्या माणसानं कागद गोळा केले आणि परिपत्रक आहे तसंच राहिलं. लोणंदवाला जाता जाता तुमच्याजवळ थांबला. "दादा, आमी तुमच्या शब्दावर आलतो," म्हणाला.

तुम्ही माझ्याकडं वळलात. क्षणभरच. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. मग त्याच्याकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पूजा म्याच केली हुती. इसरलो. म्हातारा झालो गड्या." वय झाल्याचं तुम्ही तोवर कधी कबूल केलं नव्हतं. मी तिथंच उभी होते, तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडायचं होतं फक्त.

परतीच्या पॅसेंजरमधे तुम्ही खिडकीशी बसलात. कराडला मला चहा घेऊन दिलात, स्वतः घेतला नाहीत. त्या दिवसाबद्दल पुढं कधी चकार शब्द नाही. सॉफ्टवेअर नव्यानं घेतलं नाहीत, चोरीचं तर नाहीच. चष्म्याचा नंबर वाढत गेला तरी तुम्ही खिळेच जुळवत राहिलात. प्रेसवाल्यांच्या सभेला पुन्हा कधी गेला नाहीत. बोलावणंही आलं नाही.

मी साताऱ्याला नोकरीला लागले, लग्न झालं, पोरं झाली. ही हकिगत मी नवऱ्याला सांगितली, पोरांनाही सांगितली. दरवेळी शेवट असाच करते, की तुम्ही "पूजा म्याच केली" म्हणालात आणि मला तिथंच रडू फुटलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला तरी खरं लिहिते. मी रडले नव्हते आण्णा. सुटले बाई एकदाची, असं वाटलं होतं मला. आणि कराडचा तो चहा मला गोड लागला होता.