परसबागेचा निरीक्षक

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
काल रिटायर झालो. चौतीस वर्षं वजनमापं निरीक्षक. दुकानात पाऊल टाकायच्या आधी ओळखायचो, कोण काटा मारतोय ते. निरीक्षण माझ्या हाडीमासी आहे. आता ते निसर्गाच्या कामी लावायचं.
संकल्प: आमची परसबाग आणि गावातली ती अडीचशे वर्षांची, चहूबाजूंनी दगडी भिंत असलेली बाग, दोन्हींची वर्षभर ऋतुवार नोंद. पक्षी, फुलपाखरं, झाडं. डिसेंबरपर्यंत शंभर प्रकार. मग पुस्तक. प्रस्तावना कोणाकडून घ्यायची ते नंतर बघू.
बायकोला सांगितलं. ती ओट्यापाशी होती. बरं म्हणाली. अठरा वर्षं बाग तिच्या हातात आहे. पण पाणी घालणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं.

२ फेब्रुवारी
रजिस्टर आणलं. लाल बांधणी, दोनशे पानं. रकाने आखले. पहिली नोंद: चिमणी, नग एक. बायको म्हणाली, चिमणी नाही, शिंपी आहे, शेपटी बघा कशी उभी असते. मी पाहिली तेव्हा आडवी होती. नोंद कायम.

६ फेब्रुवारी
बागेची अवस्था लाजिरवाणी. घोटाभर पालापाचोळा. बायको म्हणाली, अहो, राहू द्या तो, सातभाई त्यातच किडे शोधतात. निसर्गाच्या नावाखाली आळस खपवायचा हा प्रकार ऑफिसातही पाहिलाय. सकाळी झाडू घेतला. सात पोती भरली. जमीन आरसा. पाठ धरली. बाम लावायला बायकोला सांगितलं, तिने बाटली हातात दिली.

११ फेब्रुवारी
सातभाई पाच दिवस गायब. संशय: शेजाऱ्यांचं मांजर. जाऊन स्पष्ट बोललो. शेजारी म्हणाले, मांजर नोव्हेंबरातच गेलं. तरी दुसरं एखादं असणारच.

१८ फेब्रुवारी, रविवार
जुन्या बागेत दर रविवारी सकाळी निसर्गफेरी असते. गेलो. पुढे बागेच्या अधीक्षक बाई, मागे हेडमाळी, मध्ये आम्ही बाराजण. दगडी हौदाजवळच्या वडावर मी ठिपकेदार ससाणा पाहिला. मोठ्याने जाहीर केलं. सगळे थांबले. हेडमाळी म्हणाला, साहेब, कोकिळा आहे ती. मी म्हटलं, कोकिळा काळी असते आणि गाते, शाळेतल्या पोराला माहीत आहे. तो म्हणाला, काळा तो नर, गातो तोही नरच. मादी अशीच, ठिपक्यांची. ती फारसं बोलत नाही. चार लोक हसले.
रजिस्टरमध्ये 'ससाणा (वादग्रस्त)' असं लिहिलं. अधीक्षक बाई निघताना म्हणाल्या, घरी नमस्कार सांगा. कोणाला, ते कळलं नाही. सभ्यता म्हणून म्हणाल्या असतील.

३ मार्च
बायको आठवडाभर लेकीकडे गेली. बरंच झालं. तिच्या सूचनांमुळे एकाग्रता राहत नाही. जाता जाता म्हणाली, लिंबावर सुरवंट आहेत, अकरा आहेत, हात लावू नका. कीड मोजून पाळायची! हसू आलं.

४ मार्च
सुरवंट तपासले. पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात. पानं कुरतडलेली. औषध मारलं. संध्याकाळपर्यंत सगळे खाली. लिंबू वाचलं.

५ मार्च
रजिस्टर ठेवायला नीट जागा हवी. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा उघडला. जुनी कॅलेंडरं! गुंडाळून, नाडीने बांधून, अठरा. माणूस साठवतो तरी काय काय. एक उघडून पाहिलं. प्रत्येक चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरात काहीबाही. 'तां. आला, ७ वाजता.' 'सा. सात होते, आज सहाच.' तांदूळ आणि साबण. अठरा वर्षांचं वाणसामान! साबणाची वडी गेली तर तिचीसुद्धा नोंद. संशयी स्वभाव.
रद्दीवाल्याला बोलावलं. त्याचा काटा तपासला. दोनशे ग्रॅमने खोटा. जागेवर पकडला. चार लोकांसमोर झाडला. रिटायर झालो म्हणून नजर गेलेली नाही. फार दिवसांनी समाधानाचा दिवस.

१० मार्च
बायको आली. लिंबाकडे गेली, बराच वेळ उभी राहिली. मग हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागली. सुधारणा पटलेली दिसते.

१४ मार्च
घरात चार दिवस शांतता. काम झपाट्याने चाललंय. एकूण प्रकार: नऊ. त्यात कावळा दोनदा आहे, पण वेगवेगळ्या वेळी पाहिला.

२१ मार्च
जुन्या बागेतून फोन. अधीक्षक बाई उद्या अकराला घरी येणार. म्हणजे माझ्या कामाचा बोलबाला झाला. हेडमाळ्याने ससाण्याचा पुन्हा शोध घेतला असणार. मनाने सरळ आहे माणूस. बायकोला म्हटलं, चहा नीट कर, माझ्याकडे पाहुणे आहेत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. दोन वाक्यांचं भाषण पाठ केलं.

२२ मार्च, दुपारी १
जसं घडलं तसं लिहितो.
अकराला बाई आल्या. मी रजिस्टर घेऊन दारात. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, वहिनी आहेत ना?
बायको पदराला हात पुसत आली. दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बसल्या. बाई मला म्हणाल्या, तुम्हाला माहीत असेलच. मी मान हलवली. त्या सांगू लागल्या, बागेतले जुने वाफे, भिंतीलगतची झाडं पुन्हा होती तशी लावायचीत. कुठलं झाड कधी फुलतं, कोणता पक्षी कधी येतो, याची सलग नोंद बागेकडेसुद्धा नाही. फक्त वहिनींकडे आहे. फोनवर नेहमी सांगतात, तांबट अमुक तारखेला बोलला, सातभाईंचा थवा सातावरून सहावर आला. बाई म्हणाल्या, अठरा वर्षं! आम्हाला ती कॅलेंडरं जपून ठेवायचीत. मोठ्या खोलीत काचेखाली लावू. नाव वहिनींचं.
बायको लाजली. तिला लाजताना किती वर्षांनी पाहिलं ते आठवेना. आणते म्हणाली, आत गेली. कपाटाचं दार वाजलं. मग स्टूल सरकवल्याचा आवाज. मग दुसऱ्या कपाटाचं दार.
मी बाईंना सांगत होतो, माझ्याही रजिस्टरमध्ये बरीच मौलिक…
बायको दारात आली. विचारलं, अहो, वरच्या कप्प्यातलं कुठे ठेवलंत?
मी म्हटलं, कोणतं?
एवढ्यानेच तिला कळलं.
चहा गार झाला. बाई जाताना तिचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. शर्ट फुकट इस्त्री केला.

२२ मार्च, सायंकाळी ६
रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. म्हणाला, तो माल केव्हाच गिरणीत गेला साहेब, लगदा झाला असेल. वर म्हणाला, तुम्हीच तर ग्रॅम ग्रॅम मोजून दिलात. उद्धट माणूस.

२३ मार्च
शांतपणे विचार केला. दोष एकट्याचा नाही. कॅलेंडरवर 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं नव्हतं. 'तां.' म्हणजे तांबट हे सर्वसामान्य माणसाने कसं ओळखावं? पूर्ण शब्द लिहिला असता तर ही वेळ आली नसती. हे तिला समजावून सांगितलं. ती डाळ निवडत होती. निवडून झाल्यावर तीच डाळ पुन्हा निवडायला घेतली.

२६ मार्च
मोठ्या मनाने माझं रजिस्टर तिला देऊ केलं. म्हटलं, बाईंना हे दे, दोघांचं नाव घालू. तिने पहिलं पान पाहिलं, मिटून टेबलावर ठेवलं. तिची अजून मनाची तयारी नाही.

२ एप्रिल
लेकीचा फोन. बाबा, तुम्ही एक तरी महिना वाचून बघितलात का, म्हणाली. मी म्हटलं, नमुना तपासणी केली होती. तिने मग सांगितलं: पहिलं कॅलेंडर तुमच्या बदलीच्या वर्षाचं. चार वर्षं तुम्ही महिन्यातून दोनदा यायचात. मी शाळेला गेले की आईशी बोलायला कोणी नसायचं. म्हणून बागेत काय दिसलं ते लिहायला लागली. मी विचारलं, मी आल्यावर मला का नाही सांगितलं? लेक म्हणाली, सांगायची. तुम्ही पेपरमधून डोकं न काढता हं म्हणायचात.
तेव्हा कामाचा ताण होता. पोरींना काय कळणार.

९ एप्रिल
बायको आता रोज सकाळी सातला जुन्या बागेत जाते. बाईंनी तिला भिंतीजवळच्या खोलीत टेबल दिलंय. आठवेल तेवढं पुन्हा लिहून काढते म्हणे. जेवण झाकून ठेवते. भाजी गार असते. राग आठ दिवसांत निवळेल.

१७ एप्रिल
निवळला नाही. आज तिला आणायला म्हणून गेलो. खिडकीतून दिसली. हेडमाळी आणि आणखी दोघं समोर बसून ऐकत होती. तिने हाताने काहीतरी उडून गेल्याची खूण केली आणि हसली. सगळे हसले. आत गेलो असतो, पण उगाच कामात व्यत्यय. उन्हातून परत आलो. चप्पल चावली.

४ मे
बागेत बसायला कंटाळा येतो. काही येतच नाही. सरडासुद्धा नाही. हवामानातले बदल.

११ मे, सकाळी ७.४०
कुंपणावर एक पक्षी आला. पहिल्यांदाच. छोटा, पाठ हिरवट, गळ्याखाली पिवळा. दहा मिनिटं बसला. मी हललो नाही. किती सुंदर होता. हाक मारायला तोंड उघडलं, पण बायको निघून गेली होती.

११ मे, सायंकाळी
ती आल्यावर सांगितलं. रंग सांगितला, आकार सांगितला, बोलत होता तो आवाज काढून दाखवला. जमेल तसा. ती पिशवी ठेवता ठेवता थांबली, ऐकून घेतलं. मी विचारलं, कोण असेल गं?
म्हणाली, मला नाही माहीत.
तिला माहीत होतं.