अस्वल पळालं त्या दिवसाचं खरं

तीर्थरूप बाबांस (मनात अजून ‘सासरेबुवा’च येतं, रागावू नये), साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि सासूबाईंचा खोकला आता कसा आहे? मी धडधाकट आहे, म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. जिवाचं मात्र रोज पाणी पाणी होतं.

माझ्या खोलीपासून वनखात्याची कचेरी पाऊण तासाची चढण आहे. दोन्ही बाजूंना एवढं दाट रान, की भर बाराला पायाखालची वाट नीट दिसत नाही. इथला नियम असा, की रानातून मुकाट्यानं चालायचं नाही. माणूस अचानक समोर आला की अस्वल बिथरतं, म्हणून प्रत्येक वळणाआधी मोठमोठ्यानं बोलायचं. (हे आमच्या चौकीदारानं सांगितलं. त्याला डावा कान नाही. का नाही, ते मी विचारलं नाही.) पहिल्या दिवशी मी पाढे म्हटले. एकोणतीसचा येईना, तेव्हा आमच्या साहेबांबद्दल पोटात साठलेलं ओकू लागलो. कामचुकार काय, चिंगूस काय, आयत्या बिळावरचा नागोबा काय, तोंडाला येईल ते. वळण घेतलं तर साहेब समोर दगडावर बसून बुटातले खडे झटकत होते. म्हणाले, “आवाज जरा आणखी मोठा ठेवा.”

दुसऱ्या दिवशी लाजेनं मी तोंडाला कुलूप लावलं आणि तिसऱ्याच वळणावर अस्वल. दहा पावलांवर. छत्री उगारून त्याला पळवलं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. बाबा, ते खोटं आहे. छत्री टाकून पळालो तो मी. अस्वलही पळालं असावं, मी मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही ते पत्र आळीभर वाचून दाखवलंत आणि ‘जावई वाघ आहे’ म्हणत लेकीला रविवारच्या गाडीनं पाठवायला निघालात. तिला मी कसा सांभाळू? पान हललं तरी माझ्या छातीत धस्स होतं. हात जोडतो, तिला पाठवू नका.

आपला,
जावई

ता. क. पत्र टाकायला निघालो होतो, दारातूनच परत फिरलो. हे सगळं तिला वाचून दाखवा आणि मग विचारा, येतेस का म्हणून.

आणखी एक. नाही म्हणाली तर एवढ्यात कळवू नका. रविवारी मी गाडीवर जाऊन उभा राहणारच आहे.