न्हाणीघराला उंबरठा नको

अण्णा, घर झालं. हेब्बाळच्या पुढे, वस्ती जिथे जरा विरळ होते तिथे, तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर. वास्तुशांत होऊन अडीच महिने झाले. जो येतो त्याला मी गेटपासून गच्चीपर्यंत फिरवून आणतो, आणि तुमची सून मागून म्हणते, "निघाली यांची सहल. आता चहा गार होणार." होऊ दे. बोम्मसंद्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं लेथचा आवाज ऐकत काढली. कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार ते मला आठ दिवस आधी कानाने कळतं. त्या कानांना आता स्वतःच्या घरातला नळ बंद झाल्याचा आवाजही गोड लागतो. फरशा बसवल्या तेव्हा हातोडीच्या लाकडी दांड्याने मी एकेक ठोकून ऐकली आणि पोकळ वाजली की तिच्यावर खडूने फुली मारली. मिस्त्री कानडीत म्हणाला, "सार, तुम्ही मालक आहात की डॉक्टर?" म्हटलं, दोन्ही. फुल्या मारलेल्या सगळ्या काढ.

पण पाहुण्यांना दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही त्याचं मला जास्त कौतुक आहे. खालच्या मजल्यावर एक मोठं कपाट आहे, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, तसंच दुसरं. मधल्या स्लॅबला तेवढा चौकोन मोकळा सोडलाय आणि वरून फळ्या टाकल्यात. उद्या जिना चढवेनासा झाला तर फळ्या काढायच्या आणि लिफ्ट बसवायची. भिंतींतून आणि गेटपर्यंत रिकामे पाइप टाकून ठेवलेत, पुढे कसल्या वायरी लागतील ते आज कुणाला ठाऊक? प्लगचे पॉइंट कमरेच्या उंचीवर घेतलेत, वाकायला नको. घराचं काम बघणारी इंजिनीअर मुलगी पुण्याची, इथे येऊन चारच वर्षं झालेली. ती म्हणाली, "काका, हे सगळं एक्स्ट्रा होतंय हं. लिफ्टची गरजच नाहीये तुम्हांला, इतके फिट आहात." मी म्हटलं, "मॅडम, आज गरज नाही म्हणूनच आज जागा सोडायची. गरज लागेल तेव्हा धूळ खात स्लॅब कोण फोडत बसणार?" तिने मान हलवली आणि नकाशावर लिहून घेतलं. नंतर फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं मी, "क्लाएंट जरा हट्टी आहेत, पण पॉइंट आहे त्यांच्या बोलण्यात."

पॉइंट माझा नव्हे, तुमचा. दहावीच्या सुट्टीत मी इथल्याच शिवाजीनगरच्या शिवणाच्या दुकानाच्या ओट्यावर तुमच्याशेजारी बसायला लागलो होतो. एका गिऱ्हाइकाची पँट मी खडूच्या रेघेला चिकटून कापली. वीतभर कापड वाचलं होतं, ते घडी करून मी तुमच्यापुढे धरलं, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही मशीन थांबवलंत. तुमचं मशीन थांबलं की अख्खी गल्ली थांबल्यासारखी वाटायची. कात्री माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "हा माणूस आजच्या दिवसापुरता जगणार आहे का? माणूस सुटतो, आटतो, वाकतो. पँटने त्याच्याबरोबर चाललं पाहिजे. शिवणीत दोन बोटं जास्तीची कुठे आहेत?" ओट्यावर चार माणसं बसली होती. माझे कान लाल झाले. ती दोन बोटं बाहेरून कधी दिसत नाहीत. तुम्ही ती प्रत्येक कपड्यात सोडायचात आणि गिऱ्हाइकाला त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाहीत. दुकानाचा मालक कुरकुरायचा, तरी सोडायचात. मी शिवणकाम सोडून लोखंडात शिरलो, पण घर बांधताना नकाशा पुढ्यात आला आणि माझा हात आपोआप ती दोन बोटं शोधायला लागला.

आता आईचं सांगतो, कारण घर खरं तर तिच्यामुळे असं झालंय. दोन वर्षांपूर्वी जुन्या घराच्या न्हाणीत ती पडली. तीच न्हाणी, अंगणाच्या टोकाची, तीन पायऱ्या उतरून जायची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. तेव्हापासून तुमची सून तिला आंघोळ घालायची. सून मनापासून करते, आईही तिला कधी उणं बोलली नाही. पण तुम्हांला आई माहीत आहे. चार बाळंतपणांतसुद्धा कुणाला न्हाणीत येऊ दिलं नव्हतं तिने. ती आधी म्हणाली, रोज कशाला, एक दिवसाआड पुरे. मग पाणी पिणं कमी केलं, सारखं कुणाला उठवावं लागू नये म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला ऐकू आलं. भरलेलं भांडं ताटाशेजारी ठेवलं की जड, बसका आवाज येतो आणि रिकामं ठेवलं की टणकन वाजतं. आईचं भांडं जेवणाच्या सुरुवातीला बसकं वाजायचं आणि शेवटी उचलतानाही भरलेलंच असायचं. डॉक्टर ओरडले, मी ओरडलो. ती म्हणायची, "स्वल्प पिते की रे."

साइट घेऊन ठेवलेली होतीच. मी पहिला नकाशा तिच्यापुढे पसरला, हा हॉल, ही तुझी देवाची खोली. तिने चष्मा लावून सगळं बघितलं आणि म्हणाली, "घर बांध की राजवाडा बांध. दाराला कडी लावून मला एकटीला आंघोळ करता येणार असेल तर येते. नाहीतर मी शिवाजीनगरातच बरी." तो नकाशा मी गुंडाळून ठेवला तो पुन्हा उघडला नाही. हॉल चार फुटांनी आखडला. तळमजल्यावर आईची खोली, तिला लागून न्हाणीघर. तीन फुटी दार, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आत माणूस पडला तरी अडणार नाही असं. भिंतींना सगळीकडे पोकळ ब्लॉक वापरले, पण न्हाणीघरात कमरेच्या पट्ट्यात पक्की वीट, धरायचा दांडा उद्या उखडून हातात येऊ नये म्हणून. बसून आंघोळ करायला भिंतीलगत दगडाचं बाकडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोलीतून न्हाणीघरात जाताना बोटभरसुद्धा पायरी नाही. वॉकर उचलायला लागू नये.

तुम्हांला वाटेल, एवढा विचार याने कुठून आणला. अण्णा, तुमचे शेवटचे चार महिने मी विसरलेलो नाही. अर्धांगानंतर त्या तीन पायऱ्या उतरवून तुम्हांला न्यायचो आणि परत चढवून आणायचो. बावीस वर्षांचा होतो, पहिली नोकरी, दोन-दोन पाळ्या. एका दुपारी मी पडलो होतो आणि तुम्ही हाक मारलीत. मग आणखी एकदा, जरा हळू, कुणाला त्रास होऊ नये अशी. मी जागा होतो. दोन्ही हाका मला स्पष्ट ऐकू आल्या होत्या. मी कूस बदलली आणि मनात म्हटलं, पाच मिनिटं. उठलो तेव्हा तुम्ही मधल्या पायरीवर बसला होतात, धोतर भिजलेलं. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सरी, सरी, असू दे. स्वल्प उशीर झाला, एवढंच." मी झोपलो होतो असंच तुम्हांला वाटलं की कळूनही बोलला नाहीत, हे मला अजून ठरवता येत नाही. तुमच्या चेहऱ्याकडे बघून तरी वाटलं, गिऱ्हाइकाच्या कपड्यात दोन बोटं जशी न बोलता सोडायचात, तसंच मलाही सोडलंत.

तर, न्हाणीघर. एका शनिवारी मी कारखान्यात असताना तुमची सून आईला साइट दाखवायला घेऊन गेली. सोमवारी जाऊन बघतो तर न्हाणीघराच्या दारात तीन बोटं उंच ग्रॅनाइटचा उंबरठा, पॉलिश करून चकचकीत. मी मिस्त्रीवर उखडलो. तो शांतपणे म्हणाला, "अम्मांनी सांगितलं, सार. नाहीतर नीरु होरगे बरुत्ते." म्हणजे पाणी बाहेर येणार. घरी येऊन आईला विचारलं, "अगं, तुझ्याचसाठी तो ठेवला नव्हता ना?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? बिनउंबरठ्याची न्हाणी मी जन्मात कधी बघितली होती? म्हटलं, पोरगा विसरला वाटतं. मिस्त्री बिचारा किती चांगला, लगेच बसवतो म्हणाला." तुमची सून तोंडाला पदर लावून आत गेली.

उंबरठा फोडला. मग पाण्याची परीक्षा. मी, मिस्त्री, इंजिनीअर मुलगी, सगळे दारात उभे. बादली ओतली. पाणी जाळीकडे निघालं, अर्ध्या वाटेत विचार बदलला आणि सरळ आईच्या खोलीत शिरलं. मिस्त्रीचा चेहरा उजळला. "नानु हेळिद्नल्ला, सार?" सांगितलं होतं ना मी. इंजिनीअर मुलगी म्हणाली, "काका, एक इंचाचा तरी ठेवू या का?" त्या वेळी, खरं सांगतो, मीही डगमगलो. एक इंच म्हणजे काय मोठं? पण आई वॉकर घेऊन घरात चालते ते मी घरी असलो की ऐकत असतो. साधी सतरंजीची कड आली तरी तिची पावलं थांबतात, श्वास थांबतो, मग वॉकर उचलल्याचा आवाज येतो. त्या थांबण्यातच ती एकदा पडता पडता वाचली होती. म्हटलं, नाही. सगळी फरशी काढा, उतार वाढवा, आणि दाराच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब जाळी टाका. मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पंचवीस वर्षं तो न्हाणीघरं बांधतोय, आणि एक लेथवाला त्याला पाण्याचा उतार शिकवतोय!

दुसऱ्या परीक्षेला मी आईलाच आणलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, म्हटलं, आता तूच बघ. मिस्त्रीने बादली ओतली. पाणी दारापर्यंत धावत आलं आणि जाळीत उतरलं. आई म्हणाली, "अजून एक." दुसरी ओतली. "आणखी एक, जोरात." तिसरी त्याने जवळजवळ रागाने फेकली. खोलीची फरशी कोरडी. आईने वॉकरचा एक पाय पुढे करून ती जागा चाचपली, जिथे उंबरठा असायला हवा होता तिथे, आणि मिस्त्रीला म्हणाली, "सरी." मिस्त्री इतका खूश झाला की तो उतार त्याचाच होता असं आता तो सगळ्यांना सांगतो. दोन घरांची कामं त्याला त्याच्यावर मिळाली. सांगू दे. पुढच्या दाराला मात्र आई अडून बसली, उंबरठ्याशिवाय घर म्हणजे गोडाऊन म्हणे. मग सागवानी उंबरठा फरशीत पुरून वरची बाजू जमिनीच्या सपाटीला आणली. तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "लक्ष्मीला दिसला म्हणजे झालं. तिला काय ठेच लागायची गरज नाही."

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई वॉकर घेऊन आत गेली, दार ओढलं, आणि कडी लागल्याचा आवाज आला. तुमची सून आणि मी बाहेर, दोघंही काही काम नसताना काम केल्यासारखे. आधी नुसती शांतता. मग बाकड्याला वॉकर टेकल्याचा आवाज, नळ, बादली भरताना चढत जाणारा सूर, आणि पहिला तांब्या. मग आईचा आवाज, "किती कढत हे!" ती पाण्यावर ओरडत होती, अण्णा. पूर्वी तुमच्यावर ओरडायची ना, अगदी तसं. तुमच्या सुनेने माझा हात धरला आणि सोडला. पंचवीस मिनिटांनी आई बाहेर आली, लुगडं स्वतः नेसलेलं, केस ओले, चेहरा लाल. मला बघून म्हणाली, "एवढा हुशार, आणि साबणाची जागा तेवढी छताला केलीस? बसल्या माणसाचा हात पोचेल का तिथे?" जेवायला बसल्यावर भांडं उचललं, रिकामं केलं आणि पुन्हा पुढे केलं. साबणाची जागा मी त्याच आठवड्यात खाली घेतली.

तर असं आहे घर. तुम्ही आला असतात तर भिंतींवरून हात फिरवून म्हणाला असतात, आत काय आहे ते सांग. तेवढंच ऐकायला मी तुम्हांला सगळ्यात आधी आईच्या खोलीत आणलं असतं.

हे लिहिलेलं घरात ठेवता येणार नाही. आईला डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दिसेल ते वाचायची सवय लागली आहे. बोम्मसंद्र्याला माझ्या टेबलाच्या खणात ठेवीन, तिथे ती कधी येत नाही. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. न्हाणीघराची ती कडी मी निवडून आणली आहे. आतून लावली तरी बाहेरून साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडते. ती आत गेली की मी तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून पेपर उघडतो, आणि आजपर्यंत त्यातली एकही ओळ वाचलेली नाही.