तळ्याकाठची अठरावी फुली

३ मार्च
तर दादाचं परत तेच. "तू टिकतोस कुठे? तीन वर्षांत पाच कामं." आणि स्वतः कधी गावची वेस ओलांडली नाही! धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाची फी वीस तारखेच्या आत भरायचीय म्हणून गप्प बसलो. नाहीतर हे सहावंही आजच सोडलं असतं.

काम काय – तळ्याभोवतीच्या रानातून चालायचं आणि मेलेल्या झाडांवर लाल फुली मारायची. मग कटाईवाले येतात. आज अठरा मारल्या. शेवटची पाण्यावर वाकलेल्या मोठ्या झाडावर. तेवढ्या एकासाठी क्रेन मागवली मुकादमाने.

५ मार्च
दिवसभर अवकाळी पाऊस. रंग सुकत नाही.

८ मार्च
सुट्टी. खोलीत चौघे घोरत होते, म्हणून तळ्यावर गेलो. कामाच्या दिवशी खाली बघणं होत नाही. काठाशी बेडकाची अंडी – काचेचे मणी, प्रत्येकात काळा ठिपका. पाण्यावर निवळ्या, त्या लांब पायांच्या किड्या, पळत होत्या. दादाला दाखवायला हव्यात. त्याही एका जागी टिकत नाहीत, पण बुडत नाहीत.

वाकलेल्या झाडाखाली बसलो. सगळ्यांना पालवी, हेच बोडकं. उगाच नखाने साल खरवडली. आत हिरवं. ओलं.

म्हणजे जिवंत आहे. आणि फुली माझी.

९ मार्च
क्रेन बुधवारी. सांगितलं तर क्रेनचे पैसे माझ्याच पगारातून कापणार, मग फीचं काय? नाही सांगितलं तर झाड थोडंच फोन करून भांडणार आहे.

जेवण गेलं नाही.

१० मार्च
सांगितलं. मुकादम स्वतः आला, साल बघितली. "बाबा रे, हे उशिरा पालवतं. मेलेलं कोण आणि झोपलेलं कोण, एवढं कळू नये?" एक कटाईवाला म्हणाला, "ह्याच्याच पाठीवर मारा एक फुली." मीही हसलो. क्रेनवाला आगाऊ दिलेले पैसे परत देत नाही. ते माझ्या पगारातून. "आणि उद्यापासून खरवडून बघितल्याशिवाय रंगाच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही."

म्हणजे कामावर ठेवलंय.

१४ मार्च
पगार झाला. दादाला फोन केला. "सोडलंस ना परत?" म्हटलं, नाही. मग सगळं सांगितलं.
"फीचं मी बघतो," म्हणाला. मग, "कसलं झाड रे?"
नाव ठाऊक नाही म्हटलं. पालवी फुटली की सांगतो.

फीसाठी नऊ हजारांच्या जागी आज पाठवले – तीन हजार दोनशे.